चित्र यंत्रातच होते, वाट तारेत चुकली : व्हिडिओ गेमच्या केबलींचा इतिहास (थ्रेड)

१९९१ साली सेगा कंपनीचा ‘सोनिक द हेजहॉग’ हा खेळ बाजारात आला. त्याच्या पहिल्याच प्रदेशात, ग्रीन हिल झोनमध्ये, एक धबधबा आहे. कन्सोल साध्या पिवळ्या पिनेच्या केबलने टीव्हीला जोडला, तर त्या धबधब्याचे पाणी अर्धपारदर्शक दिसते. मागचा कडा त्यातून धूसर दिसत राहतो. तोच कन्सोल चांगल्या प्रतीच्या आरजीबी केबलने जोडला, तर पाणी नाहीसे होते. उरतात त्या उभ्या, कोरड्या, एकाआड एक रेघा.

कन्सोल तोच, कार्ट्रिज तीच. बदलली ती फक्त तार. मग खेळाचे ‘खरे’ चित्र कोणते?

आज जुना कन्सोल बाहेर काढून ‘याला कोणती केबल घ्यावी’ असे विचारणाऱ्याला सहसा एका वाक्यात उत्तर मिळते : सर्वांत स्वच्छ चित्र देणारी. इतिहासाच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे. कोणत्या देशातील मुलाने कोणत्या केबलमधून कोणता खेळ पाहिला, हे त्या मुलाने ठरवले नव्हते. ते ठरवले होते टीव्हीच्या कारखान्यांनी, नभोवाणीच्या नियामकांनी आणि सरकारी आदेशांनी.

सुरुवात १९७२ पासून करावी लागते. त्या वर्षी अमेरिकेत मॅग्नावॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’ हा जगातील पहिला घरगुती गेम कन्सोल आला. राल्फ बेअर या अभियंत्याने सँडर्स असोसिएट्स या संरक्षणक्षेत्रातील कंपनीत तयार केलेल्या नमुन्यावर तो आधारलेला होता. बेअरपुढची अडचण अगदी साधी होती. लोकांच्या घरी टीव्ही होते, पण त्या टीव्हीला बाहेरून चित्र देण्यासाठी एकच दार होते : अँटेना.

दुसरे दार का नव्हते? त्या काळच्या अनेक टीव्हींचा धातूचा सांगाडा थेट घरातील विजेच्या पुरवठ्याशी जोडलेला असे. महागडा ट्रान्सफॉर्मर वाचवण्याची ती युक्ती होती. अशा टीव्हीला बाहेरचे यंत्र थेट जोडणे म्हणजे विजेच्या धक्क्याला निमंत्रण. अँटेनाची जोडणी मात्र विजेपासून अलग ठेवलेली असे. त्यामुळे पहिल्या पिढीच्या सर्व कन्सोलना वेष बदलून घरात शिरावे लागले. कन्सोलच्या पोटात एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच बसवले जाई. ते खेळाचे चित्र एखाद्या वाहिनीच्या लहरीवर चढवी आणि टीव्ही ते इमानेइतबारे ‘कार्यक्रम’ समजून दाखवी. हीच आरएफ जोडणी.

अमेरिकेत यासाठी तिसरी किंवा चौथी वाहिनी वापरत. शेजारशेजारच्या या दोन वाहिन्या सहसा एकाच शहरात दिल्या जात नसत. त्यामुळे दोहोंपैकी एक तरी मोकळी सापडे. जपानमध्ये पहिली किंवा दुसरी, तर ब्रिटनमध्ये छत्तिसाव्या क्रमांकाच्या आसपासची जागा वापरली जाई. ब्रिटनमधील या सवयीने पुढे मोठी गंमत केली. १९९७ मध्ये ‘चॅनल ५’ ही नवी वाहिनी सुरू होणार होती आणि तिला मिळालेल्या लहरी नेमक्या याच शेजारच्या होत्या. घरोघरचे व्हिडिओ रेकॉर्डर त्याच जागी बसलेले. मग त्या वाहिनीला स्वतःची माणसे दारोदार पाठवून लोकांचे रेकॉर्डर नव्याने जुळवून द्यावे लागले. प्रक्षेपण सुरू करण्याआधी प्रेक्षकांच्या घरात जाऊन जागा मागण्याचा असा प्रसंग दुसऱ्या कोणत्या वाहिनीवर आला असेल!

घरातले हे प्रक्षेपण केंद्र सरकारच्या नजरेतून सुटणारे नव्हते. कन्सोलच्या लहरी झिरपून शेजाऱ्याच्या टीव्हीत गेल्या तर? अमेरिकेचा संघीय दळणवळण आयोग, म्हणजे एफसीसी, या बाबतीत कडक होता. १९७६ मध्ये कोलेको कंपनीचा ‘टेलस्टार’ नेमका याच चाचणीत अडकला. माल तयार होता, हंगाम तोंडावर होता आणि हातात दिवस थोडे होते. कंपनीने धाव घेतली ती राल्फ बेअरकडे. त्याने उपाय शोधला तो केबलमध्येच : फेराइटचे कडे घेऊन त्यातून केबल ओवली, की नको त्या लहरी तिथेच गिळल्या जातात. टेलस्टार चाचणीत उत्तीर्ण झाला आणि त्या मोसमात प्रचंड खपला. आजही लॅपटॉपच्या तारेवर दिसणारा तो काळा, जाड मणी याच कामासाठी असतो.

आरएफचे चित्र वाईट असे, हे सांगायला नको. खरखर, सावल्या, आणि शेजारी कुणी मिक्सर लावला की पडद्यावर मुंग्या. तरीही निन्टेन्डोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे फॅमिकॉम, १९८३ मध्ये जपानमध्ये आला तेव्हा त्याला केवळ आरएफ जोडणीच होती. कारण उघड आहे. लक्षावधी घरांतील टीव्हींना तेवढीच समजत होती.

याच फॅमिकॉमच्या नकला १९९० च्या दशकात भारतभर पोहोचल्या. महाराष्ट्रातील एका पिढीला ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे यंत्र आठवते ते बहुधा हेच. टीव्हीच्या मागची केबलवाल्याची तार उपसायची, त्या जागी गेमची तार खोचायची, आणि बटण फिरवत खरखरीतून चित्र वर येईपर्यंत वाट पाहायची. तार उपसली की घरातील मालिका बंद पडे. खेळ कधी खेळायचा यावरची घरोघरची भांडणे, अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर, टीव्हीला एकच दार असल्याचा परिणाम होती.

यानंतरची पायरी म्हणजे पिवळी पिन, अर्थात कॉम्पोझिट व्हिडिओ. वाहिनीच्या लहरीवर चढवण्याचा खटाटोप इथे वगळला जातो आणि चित्र थेट टीव्हीला मिळते. पिनेचा आकार मात्र व्हिडिओहून बराच जुना आहे. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९३० च्या दशकात रेडिओ-ग्रामोफोनच्या अंतर्गत जोडणीसाठी ती बनवली होती, म्हणून तिला आजही आरसीए पिन म्हणतात.

कॉम्पोझिटचा दोष कारखान्यातला नाही. तो एका राजकीय तडजोडीतून आला आहे. १९५३ मध्ये अमेरिकेने रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत स्वीकारली, तेव्हा अट अशी होती की लोकांचे कृष्णधवल टीव्ही निकामी होता कामा नयेत. म्हणून उजेड-अंधाराचा जुना संकेत तसाच ठेवून त्याच्या पोटात, सुमारे ३.५८ मेगाहर्ट्‌झवर, रंगाची माहिती लपवण्यात आली. जुना टीव्ही तिच्याकडे दुर्लक्ष करी. नवा टीव्ही ती वेगळी काढी. पण एकदा मिसळलेले दूध आणि पाणी वेगळे करायला टीव्ही काही राजहंस नव्हता. चित्रात फार बारीक उभ्या रेघा आल्या, की टीव्हीला त्या रंग वाटत. रंगांच्या कडांवर ठिपके सरपटत.

आता तो धबधबा समजतो. सेगाचा मेगा ड्राइव्ह (अमेरिकेतील नाव जेनेसिस) ५१२ रंगांच्या पेटीतून एका वेळी ६४ रंग घेऊ शके. दोन थरांचे रंग एकमेकांत मिसळून खरी पारदर्शकता दाखवण्याची सोय त्यात नव्हती. चित्रकारांनी मग एक ठिपका पाण्याचा, एक कड्याचा अशी जाळी विणली. आडव्या रेषेत ३२० ठिपके मावत असल्याने एनटीएससी टीव्हीवर या जाळीची कंप्रता रंगाच्या लपलेल्या लहरीच्या अगदी जवळ जाई. टीव्हीचा गोंधळ उडे, दोन्ही ठिपके एकमेकांत विरघळत आणि पाणी तयार होई. म्हणजे जो दोष घालवण्यासाठी चांगली केबल घ्यायची, त्या दोषावरच चित्र बेतलेले होते.

मेगा ड्राइव्हच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग वेगवेगळ्या तारांवर देणारा स्वच्छ आरजीबी संकेत त्याच्या मागच्या सॉकेटमध्ये पहिल्या दिवसापासून होता. अमेरिकेत विकलेल्या यंत्रातही होता. मात्र अमेरिकी घरातील टीव्हीला आरजीबी घेणारे सॉकेटच नव्हते. उत्तम चित्र यंत्राच्या दारापर्यंत येऊन थांबत होते, आणि बहुतेक खेळाडूंना त्याची कल्पनाही नव्हती.

फ्रान्समध्ये चित्र नेमके उलटे होते.

फ्रेंच उत्पादकांच्या संघटनेने २१ पिनांचा एक रुंद, तिरक्या बाजूचा प्लग तयार केला. संघटनेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘स्कार्ट’ हे नाव पडले. फ्रान्समध्ये त्याला ‘पेरितेल’ म्हणत. १९८० साली फ्रेंच सरकारने नव्या टीव्हींना तो बसवणे सक्तीचे केले. एकाच प्लगमधून कॉम्पोझिट, आरजीबी, दोन्ही बाजूंचा आवाज, आणि ‘यंत्र सुरू झाले आहे, इकडे वळ’ असा टीव्हीला दिलेला इशाराही जाई. परदेशी टीव्हींना आळा घालण्याचा त्यामागे हेतू होता, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. हेतू काहीही असो, १९८४ मध्ये ‘कॅनाल प्लस’ ही पैसे भरून पाहायची वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्या डिकोडरला जोडण्याची जागा फ्रान्सच्या घरांत आयती तयार होती.

फ्रान्सला आरजीबीची गरज अधिक होती, कारण त्याची रंगीत प्रक्षेपणाची पद्धतच निराळी होती. अमेरिकेची एनटीएससी, पश्चिम युरोपातील बहुतेक देशांची आणि भारताचीही पाल, तर फ्रान्सची सेकाम. परदेशी कन्सोल सेकाममध्ये बोलवणे अवघड. अटारी २६०० या कन्सोलच्या फ्रेंच आवृत्तीची दशा पाहावी : अमेरिकेत १२८ छटा दाखवणारे हे यंत्र फ्रान्समध्ये अवघ्या ८ रंगांवर आले. त्यापेक्षा सेकामला वळसा घालून रंग सरळ पेरितेलने पाठवणे शहाणपणाचे होते.

या सक्तीतून एक चमत्कारिक यंत्र जन्माला आले. निन्टेन्डोच्या एनईएसमधील चित्र रचणारी चिप आतल्या आतच कॉम्पोझिट संकेत तयार करते. शुद्ध आरजीबी तिच्यातून कधी बाहेरच पडत नाही. फ्रेंच एनईएसला मात्र आरजीबी हवे होते. उपाय म्हणून कॉम्पोझिट संकेताची पुन्हा फोड करून त्यातून लाल, हिरवा, निळा वेगळे काढणारा एक जादा भाग आत बसवण्यात आला. प्लगवर आरजीबी, पण आत कॉम्पोझिटचे सारे डाग शाबूत. ‘आरजीबी म्हणजे उत्तम’ हे सूत्र पाठ करून फ्रेंच एनईएस विकत घेणाऱ्याने एवढे जाणून घ्यावे.

जपाननेही २१ पिनांचा आरजीबी प्लग स्वीकारला. बाहेरून तो हुबेहूब स्कार्टसारखा, आतल्या तारांची मांडणी मात्र वेगळी. एक प्लग दुसऱ्यात सहज बसतो आणि यंत्राला इजा करू शकतो. जपानी कन्सोलची जुनी केबल घेताना आजही लोक इथेच फसतात.

मध्यंतरी एस-व्हिडिओ आला. जेव्हीसीच्या एस-व्हीएचएस रेकॉर्डरबरोबर १९८७ मध्ये रुळलेल्या या चार पिनांच्या केबलमध्ये उजेड आणि रंग दोन वेगळ्या तारांवर जातात. आरजीबीपासून वंचित अमेरिकेत तोच मधला मार्ग ठरला. निन्टेन्डोने तर १९९० च्या सुपर फॅमिकॉमपासून गेमक्यूबपर्यंत तीन पिढ्या एकच सॉकेट ठेवले, म्हणजे जुनी केबल नव्या यंत्राला चाले. मात्र सॉकेट एक म्हणजे संकेत एक नव्हे. निन्टेन्डो ६४ मध्ये आरजीबीच्या पिना जागेवर असूनही रिकाम्या ठेवलेल्या होत्या.

गेमक्यूबच्या केबलची कथा या सगळ्यात विलक्षण आहे. २००१ च्या या यंत्राला नेहमीच्या सॉकेटशेजारी एक दुसरे, डिजिटल सॉकेट होते. त्यातून कंपोनंट केबल जोडली, की ४८० रेषांचे न लुकलुकणारे चित्र मिळे. परंतु डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारी चिप कन्सोलमध्ये नव्हती. ती केबलच्या प्लगमध्ये होती. त्यामुळे स्थानिक दुकानदाराला स्वस्त नक्कल करून विकता येईना, आणि अमेरिकेत ती केबल निन्टेन्डोकडूनच मागवावी लागे. एक टक्क्याहून कमी ग्राहक हे सॉकेट वापरतात, असे कारण देत कंपनीने २००४ मध्ये नव्या यंत्रांतून ते काढूनच टाकले. पुढे ती केबल दुर्मिळ झाली आणि वापरलेल्या मालाच्या बाजारात कन्सोलहून कितीतरी महाग विकली जाऊ लागली. अखेर छंदिष्टांनी त्या चिपची भाषा उलगडली आणि त्याच सॉकेटमधून एचडीएमआय देणारे जोड स्वतः बनवले.

एचडीएमआयचे पहिले मानक डिसेंबर २००२ चे. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्या त्यामागे होत्या. चित्र आणि आवाज एकाच डिजिटल तारेत, आणि त्याबरोबर एचडीसीपी नावाचे कुलूपही. चित्रपट कंपन्यांना नक्कल होण्याची धास्ती होती. अ‍ॅनालॉग तारेला कुलूप लावणे कठीण; डिजिटल तारेला सोपे.

संक्रमणाची ती दोन-तीन वर्षे मोठी विसंगत होती. २००५ चा एक्सबॉक्स ३६० ‘एचडी युगाचा’ म्हणून आला, पण एचडीएमआयविना. २००६ च्या प्लेस्टेशन ३ ला एचडीएमआय होते, पण खोक्यात केबल निघे ती पिवळ्या पिनेची! नवे यंत्र घेऊन आनंदाने घरी गेलेल्या कितीतरी जणांनी ते १९५३ च्या तडजोडीतूनच पाहिले. कॅपकॉमच्या ‘डेड रायझिंग’ (२००६) या खेळातील अक्षरे एचडी टीव्ही गृहीत धरून इतकी बारीक ठेवलेली होती, की जुन्या टीव्हीवर ती वाचताच येईनात. तक्रारी आल्या, कंपनीने दुरुस्ती केली नाही. केबल आणि टीव्ही कोणता, यावर खेळ समजणे अवलंबून असण्याचा तो कदाचित सर्वांत ढळढळीत दाखला आहे.

कुलपाचा प्रश्न खेळाडूंनाही नडला. प्लेस्टेशन ३ च्या एचडीएमआयवर एचडीसीपी कायम चालू असल्याने खेळ रेकॉर्ड करू पाहणाऱ्यांना जुन्या कंपोनंट केबलचाच आश्रय घ्यावा लागला. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये अ‍ॅनालॉग सॉकेट उरलेच नव्हते. खेळांपुरते ते कुलूप उघडण्याची सोय सोनीने पुढच्या वर्षी अद्ययावत आज्ञावलीतून दिली. खेळाच्या इतिहासाची साधने जमवणाऱ्यांसाठी ही लहान बाब नव्हे. जे रेकॉर्ड होत नाही, ते पुढे पुरावा म्हणून उरत नाही.

आजच्या खरेदीपुरते बोलायचे तर नव्या कन्सोलचा प्रश्न सोपा आहे. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, २.१ ची ४८. ४के चित्र सेकंदाला १२० वेळा हवे असेल, तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे प्रमाणित केलेली केबल लागते. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात तशी केबल येतेच. सोन्याचा मुलामा आणि चौपट किंमत यांनी रंग अधिक गडद होत नाहीत. डिजिटल संकेत एक तर नीट पोहोचतो, नाही तर चित्रात ठिपके उडतात, पडदा काळा होतो. दुकानदाराचे ‘जास्त खुलतं’ हे म्हणणे अ‍ॅनालॉग काळातील आठवण आहे.

जुन्या कन्सोलसाठी मात्र यंत्राआधी त्याचा जन्मदेश विचारावा. युरोपातील मेगा ड्राइव्ह असेल, तर स्कार्टची आरजीबी केबल आणि आजच्या टीव्हीसाठी एक चांगला रूपांतरक. फॅमिकॉमची आपल्याकडील नक्कल असेल, तर पिवळी पिन हीच तिची कमाल मर्यादा. वर कितीही खर्च केला तरी नसलेले चित्र येणार नाही. आणि यंत्र ५० हर्ट्‌झच्या पाल देशातले असेल, तर ६० हर्ट्‌झसाठी लिहिलेले आणि पालसाठी न जुळवलेले खेळ सुमारे सहाव्या हिश्शाने संथ चालतात. तो संथपणा कोणत्याही केबलने जात नाही.

२०१६ मध्ये निन्टेन्डोने एनईएसची चिमुकली नवी आवृत्ती काढली. तिला फक्त एचडीएमआय आहे. पडदा कसा दिसावा, यासाठी त्यात तीन पर्याय दिले आहेत. एकाचे नाव ‘पिक्सेल परफेक्ट’ : प्रत्येक ठिपका अगदी चौकोनी, जसा १९८० च्या दशकात कोणत्याही घरातल्या टीव्हीवर दिसला नव्हता. दुसऱ्यात चित्राचे ४:३ हे जुने प्रमाण राखले जाते. तिसरा पर्याय निवडला, की निर्मळ डिजिटल चित्रावर जुन्या टीव्हीच्या आडव्या रेषा आणि धूसरपणा आज्ञावलीने मुद्दाम चढवला जातो.